सुमित्राला सांगितलेला पिवळा रंग

नांदेडच्या बसस्थानकातून लातूरची गाडी हलली तेव्हा नऊ वाजून गेले होते. खिडकीखाली माझी मैत्रीण वैशाली उभी होती. तिच्याकडचा आठवड्याचा पाहुणचार संपवून मी लातूरमार्गे कोल्हापूरला परतत होते. शेजारच्या आसनावर वैशालीची चुलत नणंद सुमित्रा बसली होती. वय अठ्ठावीस, इतिहासात एम. ए., जन्मापासून दृष्टी नाही. लातूरला दृष्टिहीन मुलींच्या एका निवासी शाळेत तिला दुपारी दोन वाजता मुलाखतीसाठी हजर राहून पाठ घेऊन दाखवायचा होता.

"शाळेच्या दारापर्यंत तिच्यासोबत राहा, एवढंच," वैशाली म्हणाली.

लोह्याच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली आणि गाडी अडकली. सुमित्रा दर थोड्या वेळानं बोलणाऱ्या घड्याळाचं बटण दाबत होती. मी डबा उघडला. वैशालीनं सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेली इकडची न्याहारी) दिली होती. सुमित्रानं दोनच घास खाल्ले.

"बाहेर काय दिसून राहिलंय, ताई?"

"सोयाबीन निघालंय. काळी रानं मोकळी पडलीत. तूर मात्र फुलोऱ्यात आहे."

"म्हणजे पिवळी. माझ्या साडीसारखी?"

मी तिच्या साडीकडे पाहिलं. साडी पिवळी नव्हती, मातकट होती. सांगावं तर बदलायला दुसरी जवळ नाही, आणि मुलाखतीच्या तोंडावर तिचं मन कशाला खट्टू करायचं, असा विचार मी केला.

"हो, तशीच," मी म्हणाले.

ती निवांत झाली. "सारख्याच काठाच्या दोन साड्या हायेत माझ्या. पिवळीला मी दोऱ्याची गाठ मारून ठेवते. धुण्यात गाठ सुटली, म्हणून धाकधूक होती. त्या शाळेत काही पोरींना थोडं दिसतं. चेहरा न्हाई कळत, पण पिवळं कळतं. बाई कुठं उभ्या हायेत ते त्यावरून समजतं."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी डब्याचं झाकण लावलं.

"पिवळा म्हणजे कसा हो?" तिनं विचारलं.

"हळदीसारखा. सकाळच्या उन्हासारखा."

"हळदीचा वास मला ठाऊक हाय. उन्हाची ऊबबी ठाऊक हाय. रंग विचारला की लोक वासच सांगतात."

मी विचार करून म्हणाले, "बाजारात दहा माणसं हळू बोलत असावीत आणि एकानं खणखणीत हाक मारावी. सगळ्यांत आधी तीच ऐकू येते ना? डोळ्यांना पिवळा तसा असतो."

"आन् हळू बोलणारे रंग कोणते?"

"राखाडी… मातकट," मी म्हणाले आणि पुन्हा तिच्या पदराकडे पाहिलं.

अहमदपूरला गाडी थांबली. मी चहा घेऊन परत चढत होते. वाहक मधल्या वाटेत उभा होता.

"ओ मातकट साडीवाल्या ताई, पास बघायचा राहिला तुमचा."

सुमित्रा हलली नाही. त्यानं तिच्या आसनावर बोटानं टकटक केलं. "तुम्हालाच म्हणून राहिलो."

तिनं सवलतीचा पास काढून दिला. तो पुढं गेला. मी चहा तिच्यापुढं धरला, पण तिनं तो घेतला नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

"आवाज, वास, कापड, सगळं मी माझं तपासते. रंग तेवढा तपासता येत न्हाई. तिथं कुणीबी मला फसवू शकतं."

चाकूरपर्यंत ती पदराच्या काठावरून बोट फिरवत राहिली. लातूरला उतरलो तेव्हा सव्वा वाजला होता.

"अजून वेळ आहे. पिवळी ओढणी घेऊ," मी म्हणाले.

"चला. पण दुकानात तुम्ही बोलायचं न्हाई."

गंजगोलाईत (लातूरची गोलाकार बाजारपेठ) रिक्षा मुंगीच्या पावलानं सरकत होती. दुकानदारानं ओढणी तिच्या हातात दिली. "एकदम पिवळी, ताई."

तेवढ्यावर तिचं भागलं नाही. शेजारच्या गिऱ्हाइकाला तिनं विचारलं, "हा रंग कोणता, भाभी?"

"पिवळा हय जी. दूरसे दिसता."

बाहेर येऊन तिनं रिक्षावाल्यालाही विचारलं. "पिवळा," तो म्हणाला. मग तिनं ओढणी खांद्यावरून घेऊन पिन लावली. मी शेजारी मान खाली घालून उभी होते.

शाळेत पोचलो तेव्हा दोनला सात मिनिटं कमी होती. पाठाच्या वेळी मला व्हरांड्यात बसू दिलं. वर्गात अकरा मुली होत्या. पहिलं वाक्य बोलताना सुमित्राचा आवाज कापला. मग बाकांना हात लावत ती चालू लागली. मधेच ती बोलायची थांबली आणि न बोलता खिडकीपाशी गेली. जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक मुलगी तिच्यामागं मान वळवत राहिली. "बाई खिडकीकडं गेल्या," तिनं शेजारणीला सांगितलं. सुमित्रानं ते ऐकलं आणि पुढचं वाक्य ठाम आवाजात सुरू केलं.

निरोप घेताना तिनं माझा हात धरला. "राग गेलाय, ताई. पण खोटं बोललात ते इसरणार न्हाई."

कोल्हापूरला पोचून तिसरा दिवस. वैशालीचा फोन आला, सुमित्राला सोमवारपासून हजर व्हायला सांगितलंय. आनंद झाला. त्या खोट्याला मी दयाळूपणा समजले होते. खरं तर अवघड वाक्य बोलायला मी घाबरले होते, आणि त्या भीतीची किंमत तिला मोजावी लागली असती. प्रवासात मी बरंच काही पाहिलं. पण तिनं विचारलं तेव्हा जे समोर दिसत होतं, तेवढं सांगायचं धैर्य मला झालं नाही.