मामांची गांडुळं

माझ्या बायकोच्या मामांइतका गांडुळांचा जाणकार अख्ख्या भाईंदरमध्ये शोधून सापडणार नाही. आणि सापडलाच, तरी तो मामांसारखा बायकोसह एकाच घरात नांदत असेल यावर माझा विश्वास बसणार नाही.

मामा पश्चिमेला एका सोसायटीत तळमजल्यावर राहतात. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, मामा गळ घेऊन खारी गावाकडच्या तळ्यावर जायला लागले. पण मासे हे निमित्त. त्यांचा खरा जीव आमिषात. लग्नानंतर पहिल्यांदा मी जेवायला गेलो, तर पाटावर बसवायचं सोडून त्यांनी मला हाताला धरून बाल्कनीत नेलं. तिथे थर्माकोलचे खोके मांडलेले, वर ओलं गोणपाट. पहिल्यात शेणखतातली बारीक, लाल गांडुळं. गळाला लावल्यावरही ती वळवळत राहतात, म्हणून चिलापी मासळी त्यांच्यावर तुटून पडते. दुसऱ्यात बागेच्या मातीतली राखाडी, सुस्त. ती पाण्यात पडली की गांडूळ आहे की सुतळी हे माशालाही कळत नाही, त्यामुळे अगदीच नाइलाज झाला तर. तिसऱ्या खोक्याचं झाकण मात्र मामांनी दागिन्यांचा डबा उघडावा तसं उघडलं. केळीच्या बुंध्याखाली सापडलेली, करंगळीएवढी जाड गांडुळं. "जावईबापू, ही फक्त मरळीसाठी. चिलापीला लावली तर पाप लागेल," मामा हलक्या आवाजात म्हणाले. त्यांनी एक तळहातावर घेऊन उन्हात धरलं, आणि त्या ओल्या पाठीवर खरोखरच निळीजांभळी चमक सरकत गेली. तोवर गांडूळ म्हणजे गांडूळ एवढंच मला ठाऊक होतं. मी बघतच राहिलो. आत वरण गार झालं.

या मंडळींचं खाणंपिणंही साधं नव्हे. चहाचा चोथा चालतो, पण साखर घातलेल्या चहाचा नाही. केळ्याची साल चालते, लिंबाची नाही. शेजारच्या जैन बेन रोज भाजीची देठं आणून देतात, कारण हे सगळं खतासाठी आहे असं मामांनी त्यांना सांगितलंय. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं मनाला टोचायचं, म्हणून मामा स्वतः जाऊन त्यांच्या तुळशीला खत घालून यायचे. एकदा बेन भारावून म्हणाल्या, "भाई, आप जीवों का कितना खयाल रखते हो." मामा आठवडाभर त्यांच्यासमोर मान वर करू शकले नाहीत.

मामी मात्र बाल्कनीत पाऊल टाकायच्या नाहीत. कपडे बेडरूमच्या खिडकीत वाळायचे. खोक्यांना त्या "ती घाण" म्हणायच्या, आणि मामांना कोपरापर्यंत साबण लावल्याशिवाय पाण्याच्या भांड्यालाही हात लावू द्यायच्या नाहीत.

गेल्या पावसाळ्यात तळ्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून मामा घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. मी हॉस्पिटलात भेटायला गेलो तर दुखण्याबद्दल अवाक्षर नाही, नजर छताकडे. "गोणपाट सुकलं असेल आता," ते म्हणाले. "लाल तग धरतील. निळी नाही धरणार." मामींना सांगायची कोणाचीच छाती नव्हती. मी पाणी मारून येतो म्हणालो आणि तडक मामांच्या घरी गेलो.

दार मामींनी उघडलं. त्यांचे हात मनगटापर्यंत मातीने भरलेले होते. बाल्कनीत गोणपाट ओलं होतं, चोथा घातलेला होता. तिसरा खोका जागेवर नव्हता. तो त्यांनी स्वयंपाकघरात, ओट्याखाली माठाशेजारी आणून ठेवला होता. बाल्कनीत दुपारचं ऊन येतं, ते निळ्यांना सोसत नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. हात धुता धुता त्या म्हणाल्या, "सांगा त्यांना, जगलीत म्हणावं."

मी सांगितलं. मामांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

आता मामा काठी घेऊन चालतात. डॉक्टरांनी पाण्याजवळ उतरायला कायमची मनाई केलीय. परवा संध्याकाळी मी तळ्यावरून जाताना पाहिलं तर मामा वर सिमेंटच्या बाकावर बसले होते, मांडीवर खोका होता, आणि खाली पायरीवर पदर खोचून, गळ धरून मामी उभ्या होत्या. गळाची दोरी हलली, त्यांनी घाईने ओढली. मासा आमिष खाऊन केव्हाच निघून गेला होता. मामी सावकाश पायऱ्या चढून वर आल्या. मामांनी खोक्यातून एक जाडसं गांडूळ निवडलं, बोटाने त्याच्यावरची माती अलगद निपटली, आणि मामींनी हात पुढे केला.