तीन डोलकाठ्या आणि आमचा हॉल

शोभेची छोटी लाकडी जहाजं बनवणाऱ्या माणसाशी लग्न केलं की घरात दोन गोष्टी साचतात. लाकडाचा भुसा आणि किस्से! भुसा मी रोज झाडते. किस्से झाडून जात नाहीत, म्हणून इथे लिहितेय.

निखिल, म्हणजे माझा नवरा, तारापूरच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. रविवारी बोईसरच्या आमच्या हॉलमध्ये त्याची टोळी जमते. कंपनीतलाच राकेश आणि रिटायर झालेले सामंतकाका. काकांचं जहाज दरवर्षी पालघरच्या हस्तकला प्रदर्शनात असतं. निखिलचं एकही तिथवर पोचलेलं नव्हतं. यंदा तीन डोलकाठ्यांचं जहाज पोचवायचंच, असा त्याचा पण होता. आमचा हनिमूनसुद्धा जहाजानंतर!

*

जहाजाच्या पोटाला लावायच्या पट्ट्या आधी गरम पाण्यात मऊ करतात. हे ना मला माहीत होतं, ना सासूबाईंना. माझ्या रुखवतातलं नवंकोरं पातेलं गॅसवर, वर झाकण, शेजारी निखिल. सासूबाईंना वाटलं, लेक डाळ लावतोय. हॉलमधूनच कौतुकाने विचारलं, "झाली का रे शिजून?"

"कुठे! अजून वाकत नाहीये!"

*

चिकटवलेल्या पट्ट्या सुकेपर्यंत दाबून धरायला चिमटे लागतात. घरातले कपड्यांचे सगळे चिमटे जहाजाला लागले, आणि नेमका त्या दुपारी वारा सुटला.

थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरच्या पाटीलकाकू दारात. दोन बोटांत निखिलचा बनियन.

"तुमचं शीड आमच्या बाल्कनीत आलंय!"

*

राकेशने एक अख्खा रविवार सुपरग्लूने डेक चिकटवला. सोमवारी कंपनीच्या गेटवर अंगठा लावला, तर मशीन ओळखेना! घासून लावला, तरी नाही. मागे शिफ्टची लाइन.

सिक्युरिटीवाला म्हणाला, "नया है क्या?"

"अरे, तेरे से पहले का हूँ!"

"तो अंगूठा कहाँ छोड़ आया?"

राकेश खाली मान घालून म्हणाला, "जहाज़ पे."

*

दातिवऱ्याच्या एक मावशी दारावर मासळी घेऊन येतात. पाटी उतरवता उतरवता त्यांची नजर जहाजावर गेली.

"कवाधरनं करताव ही?"

"दिवाळीपासून," निखिल अभिमानाने म्हणाला.

"आमचा मालक पहाटं जातो न् सांजला मासली घेऊन येतो. तुमची बोट अजून घरातनं निंगली पन नाय!"

त्या दिवशी निखिलने पापलेटचा भाव केला नाही.

*

मग दोरांचं काम आलं. शिडांचे दोर म्हणजे मेण लावलेला दोरा, आणि गाठी खसखशीएवढ्या. तिघांच्या जाड बोटांनी गाठ कमी आणि गुंता जास्त व्हायचा. मी चहा द्यायला आले आणि जाता जाता एक गाठ मारून गेले. तिघंही त्या गाठीवर वाकले.

"तुझी बोटं किती बारीक आहेत!" निखिल म्हणाला.

लग्नानंतरचं हे त्याचं सगळ्यात रोमँटिक वाक्य. त्या वाक्यावर मी तिन्ही डोलकाठ्यांचे दोर बांधून दिले!

*

प्रदर्शनाच्या सकाळी जहाज खोक्यात, खोकं आमच्या मांडीवर, आम्ही रिक्षात. निखिल प्रत्येक खड्ड्याला, "हळू घ्या हो, हळू!" उमरोळी येईपर्यंत रिक्षावाल्या काकांनी आरशातून तीनदा माझ्याकडे पाहिलं. शेवटी हळूच, "वैनींना कितवा?"

निखिल लाल! मी खोक्याचं झाकण उघडून दाखवलं.

काकांनी नीट पाहिलं. "तरी हळूच नेतो," म्हणाले.

*

पालघरला पोचलो. एकही दोर तुटला नव्हता! काचेची पेटी तिथल्याच काचवाल्याकडून थेट प्रदर्शनाच्या हॉलवर आली होती. जहाज आत ठेवायला गेलो, तर जाईना. निखिलने टेप लावलाच नव्हता, जहाज ज्या ड्रॉइंगवरून बनवलं त्यातलीच लांबी काचवाल्याला कळवली होती. आणि ड्रॉइंगवाल्याने जहाजाच्या नाकासारखा पुढे आलेला दांडा लांबीत धरलाच नव्हता!

"पेटीशिवाय मांडता येणार नाही," आयोजक म्हणाले. "मुलं हात लावतात."

आधीच येऊन थांबलेला राकेश म्हणाला, "काच में होल मार दें?" निखिल पांढराफटक. त्याने ब्लेड काढलं. "दांडाच कापतो."

त्या दांड्याला माझे सात दोर बांधलेले होते.

"अहो, थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की बाजूच्या टेबलवरचे सामंतकाकाही दचकले. पेटी रुंदीला ऐसपैस होती. पुसायला हात आत गेला पाहिजे, हा सासूबाईंचा हुकूम. मी जहाज उचललं आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं ठेवलं. बसलं! झाकण लागलं!

तेवढ्यात परीक्षक बाई आल्या. चष्मा वर करून म्हणाल्या, "हे असं तिरकं का?"

निखिलने ब्लेड पाठीमागे लपवलं. राकेश छताकडे बघायला लागला.

"वळतंय," मी म्हटलं. "वारा फिरलाय ना."

बाई बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग वहीत काहीतरी लिहिता लिहिता म्हणाल्या, "बाकीची नुसती उभी आहेत. हे एकच चाललंय!"

त्या पुढच्या टेबलाकडे निघाल्या. आणि तिथे सामंतकाका दोन बोटांनी, अगदी हळूच, आपलं जहाज तिरकं करत होते.