टॅक्सीचा आधार शोधायला डोणगावला

डोणगावच्या बरडावर, म्हणजे पडीक माळावर, फवारणीचं विमान उतरलंय, असं कळलं आणि मी जायचं ठरवलं. सातवीनंतर माझी शाळा सुटली; विमानविद्या मी पुस्तकं मागवून शिकलो. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी तांत्रिक शब्दांची वही सुरू केली. आमच्या जानेफळात आज त्या वहीला मान आहे. येत्या रविवारी वाचनालयात तिच्यावर माझं व्याख्यान होतं. पण त्याआधीच शाळेच्या मास्तरांनी एका नोंदीवर बोट ठेवलं: 'टॅक्सी करणे: विमानाने जमिनीवर स्वतःच्या इंजिनाने चालणे. पूर्वी विमाने भाड्याच्या मोटारींनी ओढत, त्यावरून.'

"कुठं वाचलं, भाऊ?"

"वाचलंय," मी म्हणालो. वाचलं नव्हतं. तर्क होता, पण शाईनं लिहिलेला.

शुक्रवारी पायलटलाच विचारायला निघालो: पहिल्या एस.टी.नं मेहकर, तिथून गाडी बदलून डोणगाव. जाणाऱ्यांनी मेहकरलाच जेवून घ्यावं. स्टँडसमोर आठ आण्यांत भाकर-झुणका पोटभर मिळतो. पुढं बरडापर्यंत पाऊण कोस चिखल. वहाणा हातात घ्याव्या लागतात.

विमान गोठ्याशेजारी खुंट्यांना बांधलेलं. बैलगाडीवाला सखाराम आठवडाभर ते ढकलायला मदत करत होता. त्याला मी सांगितलं, विमान ठेवतात त्या जागेला हँगर म्हणतात. शब्द फ्रान्सातला, मुळात गाड्या ठेवायच्या छपराचा.

"म्हणजे गोठाच की! मंग याले बाहेर काऊन बांधलं?"

"पंख मावत नाहीत."

"हाव, बैलाले पंख नसतात," तो गंभीरपणे म्हणाला.

पायलट नागपूरकडचा. त्यानं इंजिन सुरू केलं. विमानाचं नाक इतकं वर की समोरचं दिसत नाही. म्हणून ते नागमोडी चालतं आणि पायलट बाजूनं डोकावत वाट बघतो. हे मी वाचलं होतं, पाहिलं पहिल्यांदाच. वळताना डावं चाक कडेच्या काळ्या मातीत रुतलं. इंजिन बंद झालं. मी सर्वांच्या आधी धावलो आणि पंखाच्या मागच्या कडेला दोन्ही हात लावले.

"तिथं नका रेटू, भाऊ! मोडन ते!" सखाराम ओरडला.

ती बिजागरीवर हलणारी फळी, ऐलेरॉन. माझ्या वहीत तिसऱ्या पानावर सचित्र आहे.

"पुस्तक घरीच राह्यलं काय? चाकाजवळच्या दांड्याले धरा." त्यानं चाकाखाली कपाशीची वाळकी पऱ्हाटी घातली. तिसऱ्या हिसक्याला विमान बाहेर.

चहा पिताना पायलटला विचारलं. तो म्हणाला, "आमचे उस्ताद सांगायचे, सुरुवातीला शिकाऊ विमानांचे पंख आखूड ठेवत. उडायचं नाही, नुसतं मैदानात पळायचं. शिकणारे त्यांनाच टॅक्सी म्हणत. दुसरे म्हणतात, गिऱ्हाईक शोधणाऱ्या टॅक्सीसारखं हळू चालतं, म्हणून."

"खरं कोणतं?"

"ते तुम्ही शोधा. मी फक्त चालवतो."

"आणि भाड्याच्या मोटारी?"

"नाही बुवा, कधी ऐकलं नाही."

संध्याकाळी घरी येऊन पाय धुतले आणि पट्टी धरून माझी ओळ खोडली. खालचं वाचता येईल अशी. दोन्ही उत्पत्ती लिहिल्या. पुढं 'ऐकीव, खात्री नाही.' वहीत हे शब्द प्रथमच आले. मग तिसरं पान उघडलं.

रविवारी व्याख्यानाआधी मास्तरांनी वही मागितली. टॅक्सीची नोंद वाचून मान हलवली, पानं मागे चाळली आणि थांबले.

"'ऐलेरॉनला धरून विमान रेटू नये. आधार: सखाराम, डोणगाव.' हे कोण?"

"बैलगाडी हाकतात," मी म्हणालो. "पण ही नोंद पक्की आहे."