गुरुजींचा पलीकडचा काठ

आमचे गुरुजी, म्हणजे माझे यजमान भगवंतराव, बार्शीटाकळीच्या शाळेत भूगोल शिकवायचे. आता आम्ही अकोल्यात राहतो, तरी सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात, आणि ऐकून ऐकून मीही तेच म्हणते. माणूस फार सरळ. आवाज चढवणं त्यांना जमत नाही, ते खातं माझ्याकडे आहे. पण इस्तंबूलचं नाव निघालं की हे खुर्चीतून उठून उभेच राहणार. एकच शहर, अर्धं युरोपात, अर्धं आशियात, आणि मधून समुद्राची चिंचोळी पट्टी. नकाशावर हा धडा ते इतक्या गोडीने शिकवायचे की दरवर्षी एखादं पोरगं विचारायचंच, "गुरुजी, तुमी पाह्यलं काय?"

"नाही बापू," म्हणायचे आणि फळ्याकडे वळायचे.

घरी मात्र मला सांगायचे. त्यांना महाल नको, मिनार नको. युरोपच्या काठावर बोटीत बसायचं आणि आशियाच्या काठावर उतरून पाय ठेवायचा, एवढंच. ही इच्छा मी इतक्या वेळा ऐकली होती की ती एव्हाना माझीच झाली होती.

म्हणून आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळाने तुर्कस्तानची सहल ठरवली, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. चूक तिथेच झाली. सोबत कोण आहे ते आधी पाहायला हवं होतं.

चाळीस माणसं घेऊन शहर पाहणं म्हणजे बारभाईंची खेती. एक मोरीकडे जातो, तो परत आला की दुसऱ्याला आठवण होते. फोटो आधी सगळ्यांचा, मग फक्त बायकांचा, मग फक्त जावाजावांचा, आणि त्यात गोदाबाईंचे डोळे मिटले म्हणून पुन्हा पहिल्यापासून. गोदाबाई म्हणजे मंडळाच्या अध्यक्षीण. निवडून कोणी दिलं नाही, पण हटवण्याची कोणाची छातीही नाही. अमरावतीचा मनोज आम्हाला घेऊन आला होता. तो बिचारा छत्रीला लाल दुपट्टा बांधून पुढे पळायचा आणि आम्ही मागे डबे उघडून बसायचो. एका महालाचं आम्ही फक्त तिकिटाचं दार पाहिलं, कारण आत जायची वेळ झाली तेव्हा अर्धे लोक चपला विकत घ्यायला गेले होते. एक ना धड, भाराभर चिंध्या. माझं डोकं रोज फिरायचं.

गुरुजी मात्र "बोट शेवटच्या दिवशी आहे," एवढंच म्हणायचे. मनोजने आमच्यासाठी खास बोट ठरवली होती. ती पलीकडे नेणार, तिथे उतरवणार आणि परत आणणार. मग थोडा बाजार, आणि तिथूनच विमानतळ.

शेवटच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. धक्क्याकडे उतरताना गालिच्यांच्या दुकानांची गल्ली लागली. एका दारात पांढऱ्या मिशांचा दुकानदार उभा होता. त्याने हात छातीवर ठेवला आणि विचारलं, "चाय?"

आता चहाला तेही लोक चायच म्हणतात, त्यामुळे समजण्यात काही अडचण नव्हती. अडचण आमच्या संस्कारांची होती. आमच्याकडे दारात उभं राहून कोणी चहा विचारला आणि तुम्ही पुढे निघून गेलात, तर त्या घराशी तुमचं काही बिनसलंय असा अर्थ होतो. गोदाबाई थांबल्या.

मनोज कळवळून म्हणाला, "काकू, तो गालिचे विकून राहिला. चला ना."

"इकू दे ना त्याले. चहा तं घ्या लागंन. परक्या मुलखात कोन इचारते बाप्पा?" म्हणत त्या आत गेल्या, आणि त्यांच्या मागे सगळे.

दुकानदार हरखला. एवढं गिऱ्हाईक त्याने बहुधा एकदम पाहिलं नसेल. कंबरेत बारीक असे काचेचे छोटे पेले भरभरून आले. तो एकामागून एक गालिचा उलगडत होता आणि आमची मंडळी त्यावर ऐसपैस बसत होती. आमच्यातले अब्दुल गफ्फार भाई अर्ध्या उर्दूत, अर्ध्या खुणांनी त्याला मुलंबाळं विचारत होते. चहा संपला, पण चहा संपला म्हणून लगेच उठायचं नसतं. त्यात ट्रे परत न्यायला त्याची बायको आली, तशा गोदाबाई ओरडल्या, "अवो, रिकामा कसा देता?"

शेजारणीचं भांडं आपण रिकामं परत करत नाही, आणि हे तर सबंध ट्रेभर पेले. पिशव्या उघडल्या. एकीने पेल्यात चिवडा भरला, दुसरीने शंकरपाळे, कोणी बडीशेप. मीसुद्धा लाडू कुस्करून भरला, खोटं कशाला बोलू. दुकानदाराने हातातला गालिचा खाली ठेवला. आता हे लोक काही घेणार नाहीत, हे त्याला कळलं असावं. पण त्याच्या बायकोने शंकरपाळा तोंडात टाकला, गोदाबाईंच्या गालाला गाल लावला आणि आणखी चहा ठेवला.

आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा आमची बोट निघून गेली होती.

गुरुजी पाण्याकडे पाहत राहिले. मीच सगळ्यांवर तोंड सोडलं. तेवढ्यात आमच्या मागे मागे आलेल्या त्या दुकानदाराने गफ्फार भाईंना बाजूचा धक्का दाखवला. तिथून साधी, रोजच्या माणसांची बोट सारखी ये-जा करते म्हणे.

मनोजने हात जोडले. "साऱ्यायले नेनं आता जमत नाही. तिकडं गेलो तं बाजार गेला. विमान तं थांबनार नाही."

बाजार म्हटल्यावर कुजबुज सुरू झाली. सुनांना, नातवंडांना काहीच घेतलं नव्हतं. गोदाबाई म्हणाल्या, "गुरुजी, आपुन आशियातूनच तं आलो ना? मंग तिथंच जायाले एवढा आटापिटा काहून?"

सगळे हसले, गुरुजीही हसले. मग सदरा नीट केला आणि म्हणाले, "तुमी बाजार करा. मी जाऊन येतो."

आमच्या सगळ्या संसारात हा माणूस मला सोडून एकटा कुठे गेला नव्हता. माझे गुडघे बोटीच्या जिन्याला नाही म्हणत होते. मी म्हटलं, "जा तुमी." बोटीच्या मागच्या कठड्याशी ते उभे राहिले आणि बोट सुटली.

मनोजने छत्री वर केली, "चला, बाजार." कोणी हललं नाही. गोदाबाईंनी धक्क्याच्या पायरीवर फतकल मारली. "गुरुजी आल्याबिगर कोनी जायाचं नाही. त्यायले आपनच उशीर केला." आणि नातवंडांच्या खेळण्यांवर पाणी सोडून ती सगळी माणसं उन्हात बसून राहिली. मला इतकं भरून आलं की मी डोळ्यांत काही गेल्याचं नाटक केलं.

बोट परत आली. गुरुजी उतरले, तसा सगळ्यांनी त्यांना गराडा घातला.

"ठेवला ना पाय?" गोदाबाईंनी विचारलं.

"नाही."

"म्हंजे?"

"बोट सुटली तवा पाह्यलं, तुमी सारे पायऱ्यायवर बसून राहिले. तिकडं उतरलो असतो तं दुसऱ्या बोटीची वाट पाहा लागली असती. म्हटलं, मानसं उनात हायेत. उतरलोच नाही. त्याच बोटीनं आलो."

मग गोदाबाई भडकल्या, "मंग आमी कायले बसलो इथं?" आणि पदर डोळ्यांना लावला.

विमानतळाच्या बसमध्ये मला मात्र राग आवरेना. गुरुजींवर, गोदाबाईंवर, त्या चहावर, सगळ्यांवरच. "पुढच्या खेपेले आपन दोघंच येऊ," मी म्हटलं. "कोनी नको सोबत."

"दोघंच?" ते म्हणाले. "बोटीत मधात आलो ना, तवा हात वर केला, म्हटलं, पाहा, हा युरोप, अन् हा आशिया. बाजूले आपलं कोनीच नाही. दोघंच आलो तं सांगू कोनाले?"

"मले सांगा."

"तुले तं सारं पाठ हाये."

पाठ होतंच. तरी मी त्यांच्याकडे तोंड करून बसले आणि म्हटलं, "सांगा, पयल्यापासून."