नलूमावशीचा अकरावा नंबर

हे आत्ताच्या आत्ता लिहिलं नाही तर मला चैन पडणार नाही. बूट अजून पायातच आहेत, चहा गार होतोय, आणि मी फोनवर दोन्ही अंगठ्यांनी टाइप करत सुटलेय, तेव्हा चुका पोटात घाला. नलूमावशी आज सकाळी अकोल्याला परत गेली. सहा महिने ती इथे इंग्लंडमध्ये, पल्लवीताईच्या बाळंतपणाला आली होती. पल्लवीताई तिची मुलगी, म्हणजे माझी मावसबहीण, आणि मी ताईच्याच घरात वरच्या खोलीत राहते. तुम्ही मावशीला कधी भेटला नाहीत, पण भेटायला हवं होतं, म्हणून सांगते.

मावशीची पहिली खूण म्हणजे ती कुठेही गेली की आधी विचारायची, "शेवटी कोन आहे?" बँक असो, गिरणी असो, लग्नातलं जेवण असो. ज्याचा हात वर होईल त्याचा चेहरा नीट बघून घ्यायची, म्हणायची, "तुमच्या मांगं मी," आणि मग निवांत सावलीत जाऊन बसायची. तिचा नंबर तिच्या डोक्यात आणि त्या माणसाच्या डोक्यात पक्का. मग मध्ये कोणीही येवो.

अकोल्याच्या एका सरकारी दवाखान्यात ती केसपेपरच्या खिडकीपाशी परिचर होती, रिटायर होईपर्यंत. बायांची लाईन, माणसांची लाईन, म्हाताऱ्यांची लाईन, सगळ्या तिच्या ताब्यात. ज्याला उभं राहवत नाही त्यानं चप्पल लाईनीत ठेवायची आणि बाकावर बसायचं. चप्पल पुढे सरकवायचं काम मावशीचं. एकदा कुठल्याशा पुढाऱ्याचा माणूस मागच्या दारानं आत आला आणि म्हणाला, साहेबांचा केसपेपर लवकर काढा, ताप आहे. मावशी म्हणाली, "भाऊ, ताप सगळ्याइले सारखाच येते. चप्पल काढा अन् लाईनीत ठेवा." तो बिचारा बुटात होता.

हे मी ऐकलेलं नाही, मी तिथेच होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत अमरावतीहून तिच्याकडे गेले होते, आठ वर्षांची असेन, मलाच ताप होता. मला वाटलं, आपली मावशी म्हणजे आपलाच दवाखाना. तिनं माझी निळी सँडल उचलली आणि लाईनीच्या शेवटी नेऊन ठेवली. तेविसावा नंबर. मी रडले. ती म्हणाली, "रडून घे, तोवर नंबर येते." मी घरी आल्यावर आईला सांगितलं की मावशी दुष्ट आहे. आई हसली. मला दोन वर्षं तरी ते विसरता आलं नाही.

आता माझं ऐका. मी इथे शिकायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात दुकानात माझी फजिती झाली. आपल्याकडे लाईनीत पुढच्याला चिकटून उभं राहायचं असतं, नाहीतर त्या फटीत कोणीतरी शिरतं. मी तशीच उभी राहिले. पुढचा माणूस वळला, काही बोलला नाही, फक्त बघितलं, आणि एक पाऊल पुढे सरकला. मीही सरकले. तो परत वळला. त्या दिवसापासून मी इतकी धास्तावले की चार हात लांब उभी राहायचे. मग लोक विचारायचे, तुम्ही लाईनीत आहात का? आणि मी म्हणायचे, नाही नाही, सॉरी, तुम्ही जा. दुधाची एक बाटली घ्यायला मला अर्धा तास लागायचा. तीन वर्षं मी अशीच काढली, सगळ्यांना पुढे सोडत. मला वाटायचं, यालाच सभ्यपणा म्हणतात.

आणि मग मावशी आली. दुसऱ्याच दिवशी बसस्टॉपवर तिनं शेवटच्या माणसाच्या मागे फुटपाथवर पिशवी ठेवली आणि स्वतः कडेच्या भिंतीवर उन्हात जाऊन बसली. त्या माणसानं पिशवी उचलली, तिच्याजवळ आणून दिली, हसला आणि परत गेला. मावशीही हसली, उठली, पिशवी नेऊन परत तिथेच ठेवली. त्यानं परत आणून दिली. तिसऱ्यांदा तो पिशवी घेऊन येताना बघून ती मला म्हणाली, "लोकं मदतीचे आहेत वं, पन समजून नाई राहिले." मी लाजेनं अर्धी झाले होते. पिशवी काढून घेतली, तिला ओढत लाईनीत आणलं आणि म्हटलं, "मावशी, इथे स्वतः उभं राहावं लागतं."

"अस्सं? मंग सांगायचं ना. इथं चप्पल चालत नाई, मानूस लागते." तेवढ्यावर तिला नियम पटला. पुढच्या आठवड्यापर्यंत तिला हेही कळलं की दोघांत किती जागा सोडायची. फक्त मी दुकानात कोणाला पुढे सोडलं की ती माझ्याकडे रोखून बघायची. "काहून सोडला त्याले? त्याची घाई तुह्या घाईपेक्षा मोठी हाये का?" मी म्हणायचे, जाऊ दे ना. ती म्हणायची, "पुढं घुसायचं नाई. अन् आपला नंबर सोडायचा बी नाई. दोन्ही पाप सारखेच." हे तिचं लाडकं वाक्य. रिटायर झाली तेव्हाच्या भाषणातही म्हणे तिनं हेच सांगितलं आणि खाली बसली.

आता खरी गोष्ट. दोन महिन्यांपूर्वी माझी दाढ दुखायला लागली. दुखायला म्हणजे, कान, डोळा, मान, सगळी डावी बाजू. इथे दाताचा सरकारी डॉक्टर मिळणं म्हणजे मोठं काम आहे, नवे पेशंट कोणी घेतच नाही, आणि खाजगी मला झेपण्यातलं नाही. बारा दिवस मी गोळ्यांवर काढले. मग कळलं की एक नवा दवाखाना शुक्रवारी सकाळी नऊला नावं लिहून घेणार, येईल त्या क्रमानं, आणि मोजकीच. शिकता शिकता मी एका ठिकाणी काम करते, तिथली माझी पहाटेची ड्यूटी साडेआठला संपायची. सुट्टी मागितली होती, मिळाली नाही. साडेआठला निघून मी पोचेपर्यंत लाईन कोपऱ्यापलीकडे जाणार, हे उघड होतं. नाव गेलं नाही तर परत कधी, कोणालाच माहीत नव्हतं.

मावशी म्हणाली, "मी उभी राह्यते." मी म्हटलं, थंडी आहे, तुला इंग्रजी येत नाही, कोणी काही बोललं तर? ती म्हणाली, "लाईनीत उभं राह्याले इंग्रजी नाई लागत, पाय लागतात."

सहाला ती गेली. दोन स्वेटर, शाल, माझे लोकरीचे मोजे, थर्मास. मी पावणेनऊला धावत पोचले तर लाईन खरंच कोपरा वळून पार पुढच्या रस्त्यात. मावशी अकरावी. तिनं हात हलवला. मी तिच्यापाशी जायला लागले आणि मागून, तीन माणसं सोडून, निळ्या कोटातली एक बाई अगदी नीट, सभ्यपणे म्हणाली की लाईनीचं टोक तिकडे आहे.

झालं. माझे कान तापले. मी सॉरी म्हटलं आणि वळले. खरं सांगते, दाढ ठणकत होती तरी मी निघाले होते. मावशीनं माझं मनगट धरलं.

"कुठी चालली?"

"मावशी, त्यांचं बरोबर आहे. इथे असं चालत नाही."

"काय म्हनते ते बाई?"

मी सांगितलं. मला वाटलं आता ही भांडणार. पण मावशीनं त्या बाईकडे बघून मान हलवली. "बरोबर बोलली. घुसनाऱ्याले टोकलंच पाह्यजे. आता तू तिले सांग. मी सहापासून उभी आहे. ते तुह्यासाठी. मी बाहेर निंगते, तू आत ये. मानसं तितकेच राह्यतात. तिचा नंबर जिथं होता तिथंच हाये."

मी तोंड उघडलं आणि पहिला शब्द बाहेर पडला, "सॉरी..."

मावशीला इंग्रजीतला तो एक शब्द चांगला येत होता, चार महिने माझ्या तोंडून ऐकून. तिनं मनगट दाबलं. "सॉरी कायची? चोरी केली काय आपन? सॉरी न म्हनता सांग."

तुम्हाला हसू येईल, पण ते मला इतकं जड गेलं. मी श्वास घेतला आणि सांगितलं. ही माझी मावशी आहे, ती माझ्यासाठी सहापासून उभी आहे, आता ती जाईल आणि मी उभी राहीन, तुमची जागा होती तीच राहील. बस. सॉरी आलं नाही. बाईनं पुढची माणसं नजरेनं मोजली. चेहऱ्यावरून काही खूश दिसली नाही. मग मावशीच्या पुढचा टोपीवाला म्हातारा वळून म्हणाला की ह्या बाई खरंच सहापासून आहेत, मी दोनदा गाडीत जाऊन बसलो तेव्हा माझी जागा ह्यांनीच धरली. बाई म्हणाली, असं असेल तर ठीक आहे.

आणि मावशी लगेच बाहेर निघाली. लगेच म्हणजे लगेच. मी म्हटलं, थांब ना जरा, पंधरा मिनिटं राहिलीत. ती म्हणाली, "एका नंबरात दोन मानसं राह्यत नाई." रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, थंडीत, हात शालीत घेऊन, सगळी लाईन डोळ्याखालून घालत. मला इतका अभिमान वाटला तिचा, काय सांगू. माझं नाव अकराव्या नंबरवर लिहिलं गेलं. आठवड्याभरात दाढ दुरुस्त झाली, आता मी शेंगदाणेही खाते.

त्या संध्याकाळी ती माझ्यासाठी मऊ खिचडी करत होती. मी विचारलं, मावशी, एका नंबरासाठी इतकं काय गं? तिनं गॅस बारीक केला. म्हणाली, "तुही आजी पातूरकडच्या गावातली. विहिरीवर आपल्या मानसांले चढू देत नव्हते. माय लांब घागर घेऊन उभी राहे, मी तिच्या पदराले धरून. बाकीच्या बाया येत, भरत, जात. मागून आलेल्या बी भरून जात. कोनाच्या मनात आलं तं वरून वतून देत, नाई तं नाई. मी मायले विचारे, आपला नंबर कवा? माय म्हने, आपल्याले नंबर नाई." खिचडी ढवळत राहिली. "खिडकीवर लागली ना मी, तवा पहिल्या दिवशी पाह्यलं. सगळे एका लाईनीत. पाटील बी, आमी बी. मले लय आवडली ती लाईन."

मी तीन वर्षं किती जणांना पुढे सोडलं, ते मला आठवत होतं.

आज विमानतळावर मी तिला सोडायला आत जाता येईल तितकी गेले. तपासणीच्या लाईनीपाशी आम्हाला थांबवलं. मी रडायला लागले, तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, म्हणाली, "दाढ सांभाळ." मग लाईनीच्या टोकाशी जाऊन एका सरदारजींना बोटानं काहीतरी विचारलं, त्यांनी मान हलवली, आणि ती त्यांच्यामागे उभी राहिली. ताठ. मला वाटलं मागे वळून बघेल. पण पुढचा सरकला की ती सरकायची, आणि तिचं सगळं लक्ष तिकडेच होतं.

तुमच्या बाबतीत झालंय का असं? तुम्ही कुठे बाहेर राहता, सगळ्यांना जागा देत देत मागे जाता, त्यालाच चांगलं वागणं समजता, आणि मग घरचंच कोणीतरी येऊन तुमचं मनगट धरतं? कोण होतं ते तुमच्याकडे?