निळ्या पट्ट्यांच्या स्लिपरा

आता हसा खुशाल, पण एक कबूल करा, आमच्या सासूबाईंसमोर हा विषय काढायचा नाही! गाव अजून हसतंय, त्यात तुमची भर नको.

माहेर माझं आरमोरीकडचं, सासर राजुऱ्याकडचं. लग्नात किती जणांच्या पाया पडले, विचारू नका. पण मोठ्यांसमोर पदर नाकापर्यंत आणि नजर जमिनीवर. चेहरे बघायचे कधी? म्हणून सासरची माणसं मी पायांवरून ओळखते. करकर वाजणाऱ्या चपला म्हणजे चुलतसासरे, टाचांना भेगा म्हणजे शेजारच्या काकू. मी बोलते कमी पण बघते बारीक, असा मला जरा गर्वच होता.

होता!

तर झालं काय, आमच्या गावाला लागून कोळशाची खाण येणार म्हणून मोजणीवाले शिवारात फिरायला लागले. वावरं तर जाणारच, घरंसुद्धा त्यांच्या नकाशात! सासूबाई बचत गटाच्या अध्यक्ष. त्यांनी बायांना जमवून फर्मान काढलं, "कंपनीच्या मानसाले जे घर घोटभर पानी देईन, त्या घराले हळदीकुंकवाचं बोलावनं बंद!"

ग्रामसभेच्या दिवशी सकाळी सगळे कापूस वेचायला निघाले. सासूबाई दारातून म्हणाल्या, "सभेसाठी माहा भाऊ येऊन राह्यला. कोंबडा रांध, पोटभर जेवू घाल. अन् कंपनीवाला आला तं कवाड लाव."

"मामांना ओळखू कसं?"

"अवं, लग्नात पाया नाई पडली का त्याच्या?"

पडले होते की! निळ्या पट्ट्यांच्या स्लिपरा. पक्कं ध्यानात होतं.

दुपारी दारात त्याच स्लिपरा उभ्या. "पाणी मिळेल का?"

पाणी? मी पाट मांडला, पाया पडले, ताट वाढलं. नको नको म्हणत त्यांनी तीनदा रस्सा घेतला. मामसासरे भारी मायाळू वाटले. वावर किती, घरात माणसं किती, सगळं विचारलं. मग म्हणाले, "इथंच राहायचं आहे, की दुसरीकडे गेलं तरी चालेल?"

नव्या सुनेची थट्टा करताहेत, दुसरं काय! मी लाजून म्हटलं, "जिथं हे, तिथं मी."

ते तृप्त होऊन गेले. मी भांडी घासायला बसते न बसते, तोच दारात कोरे करकरीत बूट! बूट म्हणजे कोण, हे सांगायला हवं का?

"सूनबाई, पानी दे वं."

सूनबाई? गोड बोलून जमीन घ्यायला आले! मी कवाड लावलं. "इथं पाणी मिळणार नाही!"

"अवं, तुह्या सासूचा भाऊ आहो मी!"

"माझ्या सासूचे भाऊ केव्हाच जेवून गेले!"

बाहेर बूट दोनदा इकडून तिकडे करकरले. मग बूट निघून गेले. मी स्वतःवर इतकी खूश, की उरलेला रस्सा मीच संपवला.

संध्याकाळी समाजमंदिरात सभा. चपला-बूट सगळे दाराबाहेर. मी बायांत मागं, पदराआड. कंपनीचे साहेब बोलायला उठले, "विरोध सगळ्यांचा नाही बरं का! आज माझे बूट काळ्या मातीत रुतले. ड्रायव्हरच्या स्लिपरा घालून एका घरी पाणी मागितलं, तर त्या सूनबाईंनी कोंबडा जेवू घातला! गाव सोडायलाही त्या तयार आहेत."

आवाज तोच. तीनदा रस्सा घेणारा!

सासूबाई ताडकन उठल्या. "कोन्या घरची हाय ते? नाव सांगा!"

साहेबांना नाव कुठलं माहीत? मी गप्प बसले असते तर निभावलं असतं हो! पण माझ्या एका वाक्यावर अख्खं गाव उठणार? मी उभी राहिले.

"आपल्याच घरची, आई. मामा समजून जेवू घातलं. आणि मी म्हटलं होतं, जिथं हे, तिथं मी. हे कुठं चाललेत?"

पुरुषांतून आमचे हे ओरडले, "मी कुठीच नाई जाऊन राह्यलो!"

असा हशा उठला, की साहेबही खाली बसले. खाण नको म्हणून भराभर हात वर झाले, ठराव झाला. तेवढ्यात मागून एक भुकेला आवाज, "थे सारं ठीक हाय. पोरानं नवे बूट घेऊन देल्ले, हे माही चूक झाली का?"

सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "जाय, पाया पड माह्या भावाच्या!"

मी पदर आणखी खाली ओढला आणि गर्दीत घुसले. आता आली का पंचाईत? सगळेच अनवाणी! त्यातल्या त्यात थकलेले पाय निवडले आणि वाकून नमस्कार केला.

वरून आशीर्वाद आला, "सुखी राहा. पण ठराव तर आमच्याविरुद्ध झाला ना, सूनबाई?"

सासूबाईंनी येऊन माझा पदर स्वतःच्या हातानं मागं सारला. "पाह्य वं माय, आता तरी वर पाह्य!"

वर पाहिलं. अख्खं गाव दात काढून माझ्याकडेच बघत होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच मला सासरचे सगळे चेहरे एकदम दिसले.