डेलबर्ट ह्रुस्काचे पंधरा मैल

नेब्रास्कातल्या अलायन्स गावी डेलबर्ट ह्रुस्का सकाळी कॉफीच्या टेबलावर बसला, की दुसऱ्या कुणाला तोंड उघडायची सोय नसे. त्याच्याकडे भलामोठा पिकअप, पिकअपमागे अठ्ठावीस फुटी ट्रेलर, म्हणजे न्हाणीघरासकट चाकांवरचं घर, आणि तोंडात एकच वाक्य: “एवढं घर ओढूनही गॅलनला पंधरा मैल!”

हे पंधरा आले कुठून? एकदा वायोमिंगमधल्या कॅस्परहून परतताना सगळा उतार होता आणि पाठीला असा वारा, की बंद इंजिनानेही ट्रेलर घरी आला असता. डेलबर्टने तेवढ्यावर हिशोब केला आणि तोच जन्मभर मिरवला. “पंधरा तुझ्या गाडीचे नाहीत रे, वाऱ्याचे आहेत,” असं त्याच्या बायकोचा चुलतभाऊ ऑर्व्हिल टूमा म्हणाला, तेव्हापासून त्याच्याशी बोलणं जेमतेम. ऑर्व्हिल निवृत्त पोस्टमन. छोटी गाडी चालवतो, मोटेलात झोपतो, सुखात असतो. असल्या माणसाचा राग येणारच.

मे महिन्यात कॅस्परला पहिल्या नातीचा बाप्तिस्मा ठरला आणि धर्मपिता म्हणून आजोबाला मान मिळाला. बाळाला हातात घेऊन वेदीपाशी उभं राहायचं, रविवारी अकराला. त्यासाठी नवा कोट शिवला. लेकाच्या घरी चार खोल्या रिकाम्या होत्या, तरी ट्रेलर जोडलाच.

“टोरिंग्टनला तेल भर,” बायको व्हर्लीन म्हणाली. मांडीवर कोलाचेंचं, म्हणजे जर्दाळू भरलेल्या गोड पावांचं, ताट होतं.

“एका टाकीत कॅस्पर. ऑर्व्हिललाही कळू दे.”

आता चढ होता आणि वारा सरळ तोंडावर. ट्रेलर म्हणजे ओढून नेलेली भिंत! डग्लसला इंधनाचा काटा तळाला टेकला.

“डेलबर्ट, पेट्रोल पंप डावीकडे आहे.”

“काटा खोटं बोलतो.”

काटा बिचारा आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या शिव्या खात होता, तेही खरं बोलून. कॅस्पर पंचवीस मैलांवर असताना इंजिनाने दोन आचके दिले आणि मान टाकली. दहा वाजले होते.

पाठोपाठ कोण यावं? ऑर्व्हिल! तोही बाप्तिस्म्यालाच निघालेला. खाली उतरून त्याने टोपी मागे सारली.

“काय झालं, दाजी?”

“इंजिनाला इंधन पुरवणारा पंप जळला,” डेलबर्ट म्हणाला. डोळ्याची पापणी लवली नाही.

“अरेरे. माझ्या डिकीत पाच गॅलन आहेत, लेकीच्या गवत कापायच्या यंत्रासाठी. पण पंपच जळला म्हटल्यावर काय उपयोग?” ऑर्व्हिलला सगळं कळलं होतं, चाळीस वर्षं लोकांची पाकिटं हाताळलेला माणूस तो.

व्हर्लीन नवऱ्याजवळ गेली. “टाकी रिकामी आहे एवढंच म्हण. तीन शब्द. अकराच्या आत पोचतोस. पोर तुझ्या हातात द्यायचीय.”

डेलबर्टने डबा पाहिला, ऑर्व्हिलचा चेहरा पाहिला. “पंप जळलाय,” तो म्हणाला.

“मग ऑर्व्हिलच्या गाडीत बस, आमच्याबरोबर चल,” व्हर्लीन म्हणाली.

“आणि ट्रेलर वाऱ्यावर सोडू?”

व्हर्लीनने ताट उचललं आणि चुलतभावाच्या शेजारी जाऊन बसली. मागची जागा कॅस्परपर्यंत रिकामीच गेली.

पाद्र्याने धर्मपिता कुठाय विचारलं, तेव्हा ऑर्व्हिल पुढे झाला. अंगात डाग पडलेलं जाकीट. पोरगी त्याच्या हातात एकदाही रडली नाही. इकडे डेलबर्ट नवा कोट घालून ट्रेलरमधल्या पलंगावर बसून होता. दुपारी बंद गाड्या ओढून नेणारा आला, त्याने टाकी वाजवून पाहिली आणि पाच मिनिटं हसला.

बाप्तिस्म्याचा फोटो आता व्हर्लीनने फ्रिजवर लावलाय, अगदी दुधाच्या उंचीवर. डेलबर्टला रोज सकाळी ऑर्व्हिलच्या हातातली नात बघून दूध काढावं लागतं. मग तो कॉफीला जातो.

“वारा नसता,” तो सांगतो, “तर पंधरा नक्की पडले असते.”